खो मिळेपर्यंत

“पण बाई, बोलावल्याशिवाय जाऊ कशी मी?”

उर्मिलाने तिसऱ्यांदा विचारलं. मंदाबाई मैदानावर फक्कीची रेघ ओढत होत्या. रेघ पुरी होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

उर्मिला त्यांचीच विद्यार्थिनी, जिल्ह्याच्या खो-खो संघाची कप्तान. लग्नानंतरही खेळली. मूल झालं तेव्हा मात्र वर्षभर घरी राहिली. आता रविवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. बाकीच्या मुलींना पत्रं गेली, हिला नाही. लेकुरवाळी आता कसली पळतेय, असं निवड समितीत कुणीतरी म्हणालं म्हणे, आणि उरलेल्यांनी माना डोलावल्या.

सासूबाई लेकीला सांभाळायला तयार होत्या. नवरा स्टँडवर सोडायला तयार होता. पाय निघत नव्हता तो हिचाच. दहा वर्षं जिल्ह्याला ढाली आणून दिल्या, आणि आता दारात उभं राहून ‘मला घ्या हो’ म्हणायचं? गरज असेल तर बोलावतील.

मान तिला प्यारा होता. मैदान त्याहून प्यारं होतं, हीच तर पंचाईत. लेकीला पाजायला बसली तरी तिच्या टाचा जमिनीवर ठेका धरायच्या.

“काहीतरी बोला ना, बाई…”

बाईंनी रेघ पुरी केली. शाळेच्या मुली सरावाला ओळीत बसल्या होत्या. पाचव्या चौकोनातल्या मुलीला बाईंनी उठवलं आणि ती जागा उर्मिलाला बोटानं दाखवली.

उर्मिला ओढणी कमरेला बांधून बसली. ओळीत बसलेल्या आठ जणींनी पाठीमागून ‘खो’ मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा खेळाचा पहिला नियम. ती सहा वर्षांची असताना बाईंनीच तिला तो शिकवला होता.

बाईंनी बाकीच्या मुलींना जवळ बोलावून हळू आवाजात काही सांगितलं. मग शिट्टी वाजली.

चौथीला खो मिळाला. सातवीला मिळाला. दुसरीला, पहिलीला, पुन्हा चौथीला… पाचवीला नाही.

पहिल्या मिनिटाला उर्मिलाला हसू आलं. तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या ताठल्या. हुलकावणी देत पळणारी मुलगी तिच्या नाकासमोरून दोनदा गेली. मागून पावलं वाजली की वाटायचं, आता… आणि पावलं पुढं निघून जायची.

पाठीवर कुणाचा तरी हात पडावा म्हणून तिचा जीव इतका आसुसला की डोळे भरून आले. वर्षभर घरात आपण दुसरं काय करत होतो, असं तिला वाटलं.

आठव्या मिनिटाला ती उठली. खो मिळाला नव्हता. आपण उठलोय हे तिलाच उशिरा कळलं. तोवर चार ढांगांत तिनं पळणारीला गाठलं होतं.

बाईंनी शिट्टी फुंकली.

“फाऊल.”

“माहीत आहे,” उर्मिला धापा टाकत म्हणाली. “पण तुम्ही मला खो मिळूच देणार नव्हता.”

“नव्हतेच.”

उर्मिलाने डोळे पुसले. बाईंसमोर आवाज चढवायची तिची कधी छाती झाली नव्हती, आजही तो चढला नाही.

“तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, बाई? तुम्ही कधी केला होता असा फाऊल?”

बाई हाताची फक्की झटकत राहिल्या. हात स्वच्छ झाले तरी झटकत राहिल्या…

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं झाली. अजून बसलेय.”