मलमलीचा धागा

गाड्यांचे सुटे भाग आपापसात बोलत आणि माणसांना त्याचा पत्ताही नसे, त्या काळातली ही गोष्ट.

गुलाबमिस्त्रींनी एका डिझेल गाडीचा पंप खोलला. आतल्या नळीत वरखाली सरकून इंजिनाला डिझेल पुरवणारा प्लंजर त्यांनी डिझेलमध्येच धुतला, ओलाच ताटलीत ठेवला आणि ते चहाला गेले. प्लंजर घाबरून गेला होता. आपण परत नीट बसलो नाही, तर थेट भंगारात!

शेजारी मलमलीचं नवंकोरं फडकं, घडी मोडू न देता, लग्नाला आल्यासारखं बसलं होतं.

"शी! असा निथळत जाणार तू?" फडकं म्हणालं.

"मिस्त्री म्हणतात, ओलंच बसायचं. पुसायचं नाही."

"त्यांचे हात बघितलेस? ते तुला स्वच्छता शिकवणार!"

प्लंजर ओशाळला आणि गुपचूप फडक्यावर लोळून आला. मिस्त्रींनी गप्पांच्या नादात त्याला तसाच नळीत बसवला.

पहिल्याच चढावर गाडी धापा टाकत बंद पडली. मिस्त्रींनी पंप पुन्हा खोलला. प्लंजर नळीत करकचून अडकला होता, अंगभर ओरखडे उठले होते. त्यांनी चिमट्यानं केसाहून बारीक पांढरा धागा काढला, कपाळाला हात लावला आणि प्लंजर भंगारात फेकला.

फडक्यानं धागा पाहून नाक मुरडलं. "बघा, काय काय घाण असते एकेकाच्या पोटात! तरी बरं, मी वरून पुसलं होतं."

मग ते मिस्त्रींनी धुऊन ताटलीत ठेवलेल्या नव्या प्लंजरकडे वळलं. "अरे बाळा, असा ओला काय बसलास? ये इकडे."