यशोधननं चालू करून आणलेलं घड्याळ

"एकदाच सांगा, महाराज. हे अण्णांचंच घड्याळ आहे का?"

भैरवगिरी महाराज मठीच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस आधी," ते म्हणाले. "उन्हातून आलायस."

श्रीरंग देऊळगावकर बसला नाही. पुण्याहून तो सकाळीच गाडी काढून निघाला होता. घाट उतरताना, नदी ओलांडताना, मठीची चढण चढताना त्याच्या डोक्यात हा एकच प्रश्न होता. उत्तर मिळाल्याशिवाय तो पाणीसुद्धा प्यायला तयार नव्हता.

खरं तर घड्याळांच्या बाबतीत त्यानं कुणाला विचारावं, हेच नवल होतं. जुनी घड्याळं जमवण्याचा त्याला तरुणपणापासून नाद. लोक लांबून त्याच्याकडे घड्याळं घेऊन यायचे. डोळ्याला भिंग लावून तो क्षणभर बघायचा आणि सांगायचा, "काटे बदललेत." किंवा, "तबकडी मागाहून रंगवली आहे." त्यापुढे कुणी वाद घालत नसे.

दुसऱ्या कुणाचं असतं तर हेही त्यानं एका नजरेत सांगितलं असतं. पण हे घरचं होतं.

अण्णा, म्हणजे श्रीरंगचे वडील, हवाई दलात नॅव्हिगेटर होते. त्यांच्या मनगटावर एक क्रोनोग्राफ असे. हातघड्याळच, पण बाजूची कळ दाबली की स्टॉपवॉचसारखा वेगळा काटा धावायचा. कंपनीनं तसली घड्याळं मोजकीच काढली आणि मग बंद करून टाकली. आज ती शोधून सापडत नाहीत. असलंच कुणाकडे, तर परदेशातले शौकीन त्यासाठी जीव टाकतात.

अण्णा शेवटची काही वर्षं धाकट्या मुलाकडे, यशोधनकडे, अंथरुणावर होते. ते गेले, आणि बंद पडलेलं घड्याळ तिथंच राहिलं.

मधल्या काळात त्याच कंपनीनं त्याच घड्याळाची नवी आवृत्ती बाजारात आणली. तीच तबकडी, तेच काटे, तीच कळ. एवढंच नव्हे, तर आकडे जुने वाटावेत म्हणून त्यांना मुद्दाम चहाच्या डागासारखा पिवळट रंग दिलेला.

आणि या दिवाळीत यशोधन पुण्याला आला. मखमली डबी दादाच्या हातात ठेवून म्हणाला, "दादा, चालू करून आणलंय. तुझ्याकडेच शोभेल हे."

श्रीरंगनं डबी उघडली. घड्याळ टिकटिकत होतं.

त्याच क्षणी त्याच्या मनात पाल चुकचुकली.

इतकं स्वच्छ? अण्णांच्या मनगटावर इतकी वर्षं घासलेलं घड्याळ असं दिसेल? आकड्यांवर पिवळेपणा होता; पण पिवळेपणा आता कंपनीच घालून देते. मागचं झाकण उघडून पाहिलं, तर आतलं यंत्र जुनं निघालं. पण जुनं यंत्र नव्या घड्याळाच्या कवचात बसवायला असा किती वेळ लागतो?

आणि यशोधनच्या मुलीचं, केतकीचं लग्न ठरलेलं. साखर कारखान्यातली नोकरी, अण्णांचं आजारपण, बायको गेलेली. तरी लग्न एवढं थाटात कसं?

एकदा धागा सापडल्यावर श्रीरंग तो ओढतच राहिला. तीन घड्याळजींना दाखवून झालं. तिघेही म्हणाले, अस्सल आहे. पहिला यशोधनच्या ओळखीचा निघाला. दुसऱ्याला नीट दिसत नव्हतं. तिसऱ्यानं उत्तर फारच लवकर दिलं.

मग त्याला महाराज आठवले. अण्णा दर वर्षी मठीत येऊन राहायचे, आणि आल्या आल्या हातातलं घड्याळ काढून महाराजांच्या स्वाधीन करायचे. जाताना परत मागून घ्यायचे. म्हणजे हे घड्याळ खऱ्या अर्थानं ओळखणारा हा एकच माणूस उरला होता.

महाराजांनी हात धोतराला पुसले आणि श्रीरंगनं पुढ्यातल्या पाटावर ठेवलेलं घड्याळ उचललं. कळ दाबली. काटा सुळकन धावू लागला. दुसऱ्यांदा दाबली. काटा थांबला.

"शेवटी शेवटी अण्णा हे घालत होते का?"

"कल्पना नाही," श्रीरंग म्हणाला. "यशोधनला माहीत असेल."

महाराजांनी नुसतं "हं" केलं. घड्याळ थोडा वेळ मुठीत धरलं आणि परत पाटावर ठेवलं.

"हेच आहे."

"नक्की?"

"नक्की."

"तुमचं वय झालंय महाराज, राग मानू नका. पण नीट बघितलंत ना?"

"बघितलं."

श्रीरंगला उत्तर मिळालं होतं. घरी जाता आलं असतं. पण त्याचे पाय हलेनात. एक शंका ओठांवर येऊन थांबली होती... आणि ती तो गिळू शकला नाही.

"माझ्या आधी यशोधन येऊन गेला का इथं?"

"आला होता."

"वाटलंच मला!" श्रीरंगचा आवाज चढला. "काय पढवून गेला तुम्हाला?"

ओसरीच्या टोकाला झोपलेलं मांजर उठून निघून गेलं.

"घड्याळाचा विषयही नाही काढला त्यानं," महाराज म्हणाले. "केतकीला आई नाही. कन्यादानाला दादा आणि वहिनी बसतील का, एवढंच विचारत होता. तू फोन उचलत नाहीस म्हणाला."

"तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगितलं असेल."

"असेल."

"हा त्याचा स्वभावच आहे. आधी डोळ्यांत पाणी आणायचं आणि मग..."

महाराजांनी घड्याळ पुन्हा उचललं. या वेळी उजेडाकडे धरून त्यांनी ते उलटसुलट केलं. कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिले. मग सावकाश ते पाटावर पालथं ठेवलं.

"खोटं आहे," ते म्हणाले.

श्रीरंगनं मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांचा आवळलेला जबडा सैल पडला. आल्यापासून पहिल्यांदाच तो ओसरीवर टेकला. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी त्यानं आपल्या हातानं घेतलं आणि घटाघटा प्यायला.

"मी म्हणतच होतो! सख्खा भाऊ, महाराज. बापाची एकुलती एक आठवण विकून खाल्ली. आता कसलं कन्यादान आणि कसलं काय! पायसुद्धा ठेवणार नाही मी त्या मांडवात."

तो बोलत राहिला. चेहऱ्यावर रंग आला होता. दिवाळीपासून न दिसलेलं एक हसूही ओठांच्या कडेला आलं होतं.

महाराज त्याच्याकडे बघत होते.

"खरं आहे म्हणालो," ते शांतपणे म्हणाले, "तेव्हा नक्की का म्हणून विचारलंस. माझं वय काढलंस. कुणी पढवलं म्हणालास."

"हो, पण..."

"आत्ता काहीच विचारलं नाहीस."

श्रीरंगच्या ओठांच्या कडेचं हसू अजून तिथंच होतं, आणि ते तिथं आहे हे त्याला आत्ता कळलं. त्यानं हातानं तोंड पुसलं.



"महाराज... मग खरं काय?"

महाराजांनी सूप पुढ्यात ओढलं आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

श्रीरंग उठला. घड्याळ पाटावरच राहिलं. पायऱ्या उतरून तो खालच्या चिंचेपाशी गेला. तिथं फोन लागतो, असं येताना कुणीसं सांगितलं होतं. नंबर काढून तो नुसताच उभा राहिला. काय बोलायचं, ते जुळेना. शेवटी त्यानं बटण दाबलं.

पलीकडून पहिल्याच घंटीला आवाज आला, "दादा? बरा आहेस ना तू?"

परत आला तेव्हा ऊन ओसरीवरून खाली उतरलं होतं. तो महाराजांच्या समोर बसला, जमिनीवरच. सुपातली एक शेंग उचलून उगाच चाळवत राहिला.

"बोललो," तो म्हणाला. "कन्यादानाला आम्ही दोघं बसतो म्हणालो."

"हं."

"रडायला लागला तो. मोठ्यानं. आसपास माणसं असावीत, तरी त्याला आवरेना."

महाराज ऐकत होते.

"आणि मी..." श्रीरंगची मान खाली गेली. "मी फोन कानाला लावून ऐकत होतो, महाराज. ऐकता ऐकता मनात आलं, हे रडणं तरी खरं असेल का?"

महाराजांचे हात थांबले.

"त्याचं राहू दे," ते म्हणाले. "तू रडलास का?"