प्रथिनशेठांचा सत्कार

पेशीतली मंडळी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. मोड आलेल्या मटकीच्या एका पेशीत प्रथिनशेठ पिठाची साखर करून सगळ्यांना जेवू घालायचे. अंगाची घडी अशी सुबक, की तेलकट भाग सगळा आत आणि बाहेर नुसती टापटीप. त्याबद्दल त्यांचा सत्कार ठरला. अध्यक्ष अर्थातच डीएनएआबा, पीळ राखून असलेले जुने गृहस्थ.

"ही पाण्याची गर्दी कशाला मंडपात?" शेठ म्हणाले. "काम ना धाम, नुसती अंगाला चिकटते."

"आम्ही गेलो तर घडी मोडेल हो, शेठ," पाण्याचा एक कण म्हणाला.

"माझी घडी मीच घातलीय. चला, निघा!"

पाणी निघालं. शेठ भाषणाला उभे राहिले आणि भसकन उलगडले. तेलकट पोट चारचौघांत उघडं पडलं, अन् ते शेजारच्या प्रथिनाला चिकटून बसले. आबांचा पीळही आखडून बुटका झाला. साखर थांबली, पेशी उपाशी मरायची वेळ आली.

"अरे, बोलवा त्यांना!" आबा कळवळले.

पाणी आलं आणि मुकाट्यानं भोवती उभं राहिलं. मोठ्या मिनतवारीनं घडी बसली.

शेठनी घसा खाकरला. "मंडळी, संकटात मी स्वतःला कसं सावरलं, पाहिलंत ना?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त पाण्याला त्या वाजवता आल्या नाहीत. त्याचे दोन्ही हात शेठना धरण्यात गुंतले होते.