आत वळवलेले आरसे

मोटरसायकलचे भाग आपापसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. दिगंबरची मोटरसायकल नवी होती. संध्याकाळी तुंबलेल्या गाड्यांच्या दोन रांगांमधून घुसताना आरशांना ओरखडे पडतील, म्हणून त्याने दोन्ही आरसे आत वळवून टाकले.

हॉर्न खूश झाला. "आता कुठूनही घुसू! मी ओरडलो की सगळे बाजूला होतात."

उजवा आरसा म्हणाला, "अरे, मला मागचं काही दिसत नाही. नुसता दिगंबरचा चेहरा दिसतोय."

"मग चेहराच बघ की! मागे बघून कुणाचं भलं झालंय?"

ब्रेक पुटपुटला, "रांगा थांबल्यात तोवर ठीक आहे. हलल्या, की मागून काय येतंय ते कुणीतरी सांगायला हवं."

तेवढ्यात सिग्नल सुटला. रांगा हलल्या. मोकळी जागा दिसताच उजव्या रांगेतला, मागून येणारा एक टेम्पो झपकन डावीकडे वळला. हॉर्न पुढच्यांवरच ओरडत होता.

धडकेनंतर लोक धावत आले आणि गोल करून उभे राहिले. हॉर्न अडकून वाजतच होता, पण आता कुणी बाजूला होत नव्हतं.

उजव्या आरशाला ओरखडासुद्धा पडला नव्हता. फक्त त्यात आता चेहरा नव्हता, नुसतं आभाळ होतं.