टाळ्यांची हौस

जहाजं नुकतीच आपल्या धुराला लाजू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका प्रवासी जहाजाच्या पोटात जुनं डिझेल इंजिन आणि नवी बॅटरी शेजारी राहायची. भर समुद्रात इंजिन राबायचं आणि बॅटरीचं पोट भरायचं. किनारा आला की ते झोपायचं, आणि बॅटरी जहाजाला जराही आवाज न करता खाडीत न्यायची. डेकवरचे प्रवासी टाळ्या वाजवायचे.

"टाळ्या मला, काजळी तुला," बॅटरी म्हणायची. इंजिनाला ते लागायचं.

दोघांची देखभाल करणाऱ्या परकार मिस्त्रींचा नियम होता, बॅटरीचा काटा निम्म्यावर आला की इंजिन उठवायचं. एके दिवशी वाटेत आलेली खाडी लांबलचक होती आणि बॅटरीला टाळ्या पुरेनात. तिने काटा भरलेलाच दाखवला. इंजिनाला तिची धाप ऐकू येत होती. 'जिरू दे हिची,' म्हणत ते पडून राहिलं.

खडकांपाशी उलटा वारा सुटला.

"ऊठ रे बाबा, मी संपले!" बॅटरी कळवळली.

मिस्त्रींनी धावत येऊन कळ दाबली. पुन्हा दाबली. इंजिनाच्या थंड अंगावर हात ठेवून ते म्हणाले, "या अल्ला! अरे, ऊठ की!"

"उठलो असतो, मिस्त्री," इंजिन म्हणालं. "पण मला उठवायला तिचीच वीज लागते."

जहाज खडकांकडे वाहू लागलं. वर डेकवर प्रवाशांना ती शांतता फार आवडली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.