मुलीची आई कुठे आहे?

कुडाळच्या हर्षदा तेंडोलकरने परदेशातल्या टोमासशी लग्न ठरवलं, तेव्हा एजंटाने सल्ला दिला, "इथे लग्न कराल तर तिकडच्या परवान्याला वर्ष जाईल. त्याच्या गावी केलंत तर काम लवकर होईल." तिने ऐकलं. आईने व्हिसासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. तारीख पुढे ढकलता येईना, म्हणून हर्षदाच्या बाजूचं एकही माणूस नसताना लग्न लागलं.

पुढे तिथेच राहण्याच्या परवान्यासाठी मुलाखत झाली. अधिकारी लग्नाचे फोटो चाळत कुत्सितपणे हसला. "खोटी लग्नं मी फोटोवरून ओळखतो. खऱ्या लग्नाला मुलीची आई येते. तुमची कुठे आहे?"

हर्षदाने आईला आलेलं नकाराचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. "ही काय इथे! 'ही बाई परत जाईल याची खात्री नाही,' असं लिहून खाली तुम्हीच सही केलीय, नाव तुमच्या या पाटीवरचंच आहे. साहेब, आईला दाराबाहेर ठेवलंत तुम्ही, आणि ती आत का नाही हे मला विचारता?"

स्वतःची सही पाहून अधिकाऱ्याचे कान लाल झाले. पुढे एकही प्रश्न न विचारता त्याने शिक्का मारला.

बाहेर येताच हर्षदाने आईला फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं. आई खळखळून हसली. मग तिने इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, "मुंडावळ्या कुणी बांधल्या गं तुला?"

त्या कुणी बांधल्याच नव्हत्या. साहेबाला गप्प करून आलेल्या हर्षदाने घाईघाईने विचारलं, "तू जेवलीस का गं, आई?"