मुठीच्या आतली नावं

“…मग नाव कुठं मारू, उस्ताद? पात्यावर, का मुठीवर?”

सर्जेराव लोहारानं तिसऱ्यांदा विचारलं. बालेखान उस्तादांनी मान वर केली नाही. ते माझ्या चाकूचा खिळा ठोकून बाहेर काढत होते.

मी दुकानाच्या उंबऱ्यावर बसलो होतो. माझ्या घडीच्या चाकूची कमान ढिली पडली होती आणि पातं खिशातच उघडायला लागलं होतं. कमान म्हणजे मुठीतली ती पोलादी पट्टी, जिच्या जोरावर पातं उघडं राहतं आणि मिटलेलं मिटून राहतं.

आमच्या गावचा चाकू काही बाजारात ढिगानं मिळणारा चाकू नव्हे. मिटताना तो ‘टक्’ असा एकदाच वाजतो. तो आवाज ऐकायला पुण्या-मुंबईचे शौकीन इथवर गाड्या घेऊन येतात. आम्हाला त्याचा अभिमान आहे, आणि तो लपवायचं आम्हाला काही कारण दिसत नाही.

सर्जेराव नऊ वर्षं उस्तादांच्या हाताखाली होता. हात सोन्याचा, आणि ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं. पण या दुकानात उस्तादांनी हो म्हटल्याशिवाय कुणी आपल्या चाकूवर नाव घालत नाही. नऊ वर्षांत त्याच्या हातचे शेकडो चाकू बिननावाचे गेले होते.

आज मात्र त्याला नाव हवंच होतं. पुण्याचे गुर्जर दुपारी येणार होते. तिथं चाकूंच्या शौकिनांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं, आणि त्यात मधोमध ठेवायला गुर्जरांनी सर्जेरावचा चाकू मागितला होता. त्यांची अट एकच होती, करणाऱ्याचं नाव पाहिजे.

“आण हिकडं,” उस्ताद शेवटी म्हणाले.

सर्जेरावनं मखमली फडक्यातून चाकू काढला.

खोटं कशाला बोलू? असा चाकू मी जन्मात पाहिला नव्हता. मुठीला म्हशीचं काळंभोर शिंग, दोन्ही टोकांना पितळ. पातं उघडलं की हलायचं नाव नाही. मिटलं की दोन्ही बाजूंच्या बरोब्बर मधोमध. आणि ‘टक्’… असा, की उस्तादांच्या चाकूलाही लाज वाटावी.

उस्तादांनी तो तीनदा उघडला, तीनदा मिटला. मग पितळेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उजेडाला धरला.

“खिळा कुठाय रं?”

सर्जेराव हसला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

“हाय की. सापडत न्हाई.”

पितळेतच पितळेचा खिळा ठोकून त्यानं असा घासला होता, की पट्टी कुठं संपते आणि खिळा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. शिंगाला तर खिळाच नव्हता. ते सोल्युशननं चिकटवलं होतं, कायमचं.

“मला जमलं नसतं,” उस्ताद म्हणाले. “चाळीस वर्सं झाली, पर हे न्हाई जमलं.”

सर्जेरावची छाती फुगली. खरं सांगतो, माझीसुद्धा फुगली. आमच्या गावचा माणूस होता तो.

उस्तादांनी त्याचा चाकू ऐरणीवर ठेवला आणि माझ्या चाकूकडं वळले. खिळा निघाला होता. त्यांनी मुठीची लाकडी बाजू अलगद उचलली, आतली पितळी पट्टी उलटी केली आणि माझ्यासमोर धरली.

“वाच.”

पट्टीच्या मागच्या अंगाला बारीक अक्षरं कोरलेली होती. ‘रावबा.’ त्याखाली ‘दस्तगीर.’ त्याखाली ‘बालेखान.’

वीस वर्षं हा चाकू माझ्या खिशात होता. त्याआधी वडलांच्या. ही नावं घेऊन मी गावभर फिरत होतो आणि मला पत्ता नव्हता!

“रावबानं केला,” उस्ताद म्हणाले. “खिळा झिजला तवा माझ्या उस्तादांनी उघडला. तुझ्या वडलांनी आणला तवा मी उघडला. जो करतो आन् जो उघडतो, त्येचं नाव हितं.”

“रावबा कसे होते?” मी विचारलं.

“बघितलं न्हाई. माझ्या जन्माआधीच गेले.” त्यांनी पट्टीच्या आतल्या कडेवर बोट ठेवलं. कड आरशासारखी घासलेली होती. “पर माणूस चोख.”

सर्जेराव अस्वस्थ झाला. ही रीत त्याला ठाऊक होती, उस्तादांच्या नावानं त्यानं स्वतः कितीतरी मुठी उघडल्या होत्या.

“ते ठीक हाय, उस्ताद. पर आत कोण बघतंय? शौकीन लोक मूठ फोडून बघत न्हाईत. त्येंना वरचं कळतं. पातं मधोमध बसतंय का, हलतंय का, आवाज कसा हाय… आन् नाव कुणाचं.”

“बरोबर हाय.”

“मग?”

उस्ताद उठले. फळीवरून नाव कोरायची कोरणी काढली. ही कोरणी ते कुणाच्या हाती देत नसत. माझ्या देखत तर कधीच दिली नव्हती.

त्यांनी ती सर्जेरावसमोर धरली.

“घे. घाल नाव.”

सर्जेरावला क्षणभर खरंच वाटेना. मग तो वाकला, उस्तादांच्या पायाला हात लावला, आणि दोन्ही हातांनी कोरणी घेतली. त्याचे डोळे भरले होते. नऊ वर्षं म्हणजे काही थट्टा नव्हे.

“कुठं घालू?”

“जागा तुला ठाव हाय.”

“आत?”

“आत.”

सर्जेरावनं चाकू उचलला. उलटा केला. सुलटा केला.

“उस्ताद… ह्येची मूठ आता उघडत न्हाई.”

उस्ताद माझ्या चाकूची कमान घासायला लागले होते.

“उघडायचा तर शिंग फोडावं लागंल.”

कानस चालत राहिली…

“पाच म्हैन्यांचं काम हाय हे. दुपारी गुर्जर येणार.”

…

“उस्ताद, म्या काय इचारतोय?”

“नाव मागितलंस. दिलं.”

मला राग आला. म्हातारा दुष्ट आहे असंच वाटलं मला. द्यायचं नाही तर सरळ नाही म्हणावं की! मी तसं बोलणारही होतो. पण सर्जेरावच्या तोंडाकडं पाहिलं. तो रागावलेला नव्हता. तो घाबरला होता.

एवढा वेळ फुशारक्या मारणारा माणूस, चाकू मुठीत धरून नुसता बसून राहिला. चहा आला. त्याचा चहा गार झाला.

मग तो उठला. छिन्नी घेतली, शिंगाच्या सांध्यावर टेकवली आणि हातोडी उचलली. थांबला.

“सर्जेराव, असू दे,” मी म्हणालो. “पात्यावर घाल की.”

त्यानं घाव घातला.

शिंग मधोमध तडकलं. एक तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला.

आत सगळं उघडं पडलं. बाहेरून आरसा असलेली ती पट्टी आतून खरबरीत होती, कानशीचे चरे तसेच. सोल्युशनचे गोळे वाळलेले. आणि कमान आणि पात्याच्या मधे दडवलेला, नखाएवढा पत्र्याचा तुकडा.

मी कारागीर नाही, पण तेवढं मलाही कळलं. पातं हलत नव्हतं ते त्या पत्र्यामुळं. तो ‘टक्’ही त्याच पत्र्याचा होता. कमान नीट बसली नव्हती, म्हणून फट बुजवली होती.

“ठाव होतं मला,” सर्जेराव म्हणाला. “म्हणून खिळा लपवला. कुणी उघडूच नये म्हणून.”

उस्तादांनी पत्र्याकडं पाहिलं.

सर्जेरावनं कोरणी उचलली, पट्टीवर टेकवली… आणि परत फळीवर ठेवून दिली. नखानं पत्रा काढला, भट्टीत टाकला. खिळा ठोकून पातं सुटं केलं, कमान शिकंज्यात आवळली, कानस घेतली आणि घासायला लागला.

दुकानात आता दोन कानशी चालल्या होत्या. हळूहळू माझं काम संपलं. उस्तादांनी माझी कमान बसवली, खिळा ठोकला, चाकू मिटून माझ्या हाती दिला. तरी माझा पाय निघेना. समोर एक माणूस पाच महिन्यांचं काम मुळापासून पुन्हा करत होता, आणि त्याच्या हाताची लय मघापेक्षा शांत होती. का कुणास ठाऊक, मला आमच्या गावचा कधी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला.

बाहेर गाडी थांबली. गुर्जर वाकून आत आले, हातात मखमलीची रिकामी पेटी.

“झाला का तयार?”

त्यांची नजर ऐरणीवर गेली. सुटं पातं, उलटी पट्टी, तडकलेलं शिंग. त्यांनी शिंगाचा तुकडा उचलला.

“अहो, हा तर तोच… मागच्या महिन्यात मी हातात घेतला होता! उस्ताद, असा चाकू मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. कुणी फोडला हा?”

सर्जेरावनं मान वर केली नाही. कानस थांबली नाही.

उस्तादांनी हात पुसले.

“सर्जेराव लोहारानं,” ते म्हणाले. “नाव नीट लिहून घ्या.”